उवा काढताना आठवलेलं वचन: हा धडा म्हणायचा का?

मधल्या_खोलीतून

सलाम सगळ्यांना.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आयांचा एक गट आहे. आठवड्यातून एकदा जमतो, शास्त्रपाठ होतो, प्रार्थना होते आणि शेवटी एक फेरी असते: या आठवड्यात मुलांमधून देवानं तुला काय शिकवलं? एकेक जण सांगते. सांगणाऱ्या सगळ्या माझ्या जिवाभावाच्या आहेत, तेव्हा हे कुणाला टोमणा म्हणून वाचू नका. पण माझी पाळी जवळ आली की माझ्या पोटात गोळा येतो.

मागच्या खेपेला मी चपलांचं सांगितलं. मुलगी चार वर्षांची. डावी चप्पल उजव्या पायात, उजवी डाव्या पायात, आणि आपण हात पुढे केला की "मी! मी घालणार!" दाराशी आम्ही दोघी, माझ्या हातात कुलूप, बाहेर सगळे खोळंबलेले. गटात मी म्हणाले, आपणही देवासमोर असंच करतो ना, उलटं घालतो आणि वर त्याचा हात झटकतो. सगळ्या "आमेन" म्हणाल्या. एकीनं तर वहीत उतरवून घेतलं.

आता खरं सांगते. त्या दाराशी मला देव आठवला नव्हता. चपलेचा पट्टा तेवढा दिसत होता, तो निघता निघत नव्हता. धडा मी गटाला जाताना रस्त्यात जुळवला. जुळवलेला म्हणून तो खोटाच, असं माझं म्हणणं नाही. पण या सगळ्या गोष्टी ऐकताना दोन गोष्टी मला खटकायला लागल्या आहेत.

पहिली म्हणजे, यात आई कायम देवाच्या जागी असते. ती शहाणी, ती धीराची, तिला पुढचं सगळं दिसतंय. मूल हट्टी, अडाणी, थोडंसं पापी. फारच सोयीची वाटणी झाली ही! आमच्या घरात निम्म्या वेळा हट्ट कोण करतं हे विचारू नका.

दुसरी म्हणजे, धडे निघतात ते फक्त गोजिरवाण्या प्रसंगांतून. एकाच रात्री दुसऱ्यांदा ओली झालेली गादी, कुणाचं तरी नाक, सकाळी शाळेच्या वेळी आलेला जुलाब, यांतून देव कुणाला काही शिकवत नाही वाटतं.

आता परवाचं. मुलीच्या डोक्यात उवा झाल्या. बारीक फणी, पांढरा कागद, खिडकीतला उजेड, तिचं डोकं माझ्या गुडघ्यांत. एकेक बट बाजूला करून केसाला चिकटलेली लीख दोन नखांत धरून टोकापर्यंत ओढायची, की पुढची बट. अर्ध्या तासानंतर मान मोडून आली होती, आणि तेव्हा अचानक येशूचं वचन आठवलं: तुमच्या डोक्यावरचे केसही सगळे मोजलेले आहेत. मला जे हसू फुटलं! ती खालून विचारतेय, "काय झालं? मोठी सापडली?"

हे मात्र जुळवलेलं नव्हतं, आपसूक आलं. पण याला धडा म्हणायचा की नुसता विनोद? गटात सांगायची हिंमत होत नाही. तुम्ही बाकीच्या हे कसं करता? रोजच्या कामात देव खरंच काही बोलतो, की आपणच त्याच्या तोंडी घालतो?

---

रविवारची_बाई

ताई, ते हसू वाया घालवू नका. फक्त ते वचन जिथं आहे तिथं एकदा जाऊन या. मी संडे स्कूल घेते, त्यामुळे मला वचन सुटं उचललेलं दिसलं की चैन पडत नाही, सवय समजा.

बायबलमध्ये लूक १२, ओवी ४ ते ७ सलग वाचा. प्रभू शिष्यांना सांगतोय, शरीराला मारणाऱ्यांना भिऊ नका. म्हणजे हे बोलणं जिवावर बेतण्याच्या बेतातलं आहे, लाडाकोडातलं नाही. मग चिमण्या येतात. मत्तय (१०:२९) भाव सांगतो दमडीला दोन. लूक सांगतो दोन दमड्यांना पाच. हिशेब करा: चार घेतल्या की पाचवी वरती फुकट. तिला भावच नाही. आणि लूक म्हणतो, त्यांतल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही. केसांची गोष्ट त्याच्या लगेच पुढे आहे. तेव्हा मोजण्यातली बारकाई गंभीर आहे, आणि तुमची मान मोडेपर्यंतची बारकाईही गंभीरच होती. यात विनोद असेल तर असू दे, धडा हसरा असला म्हणून कमी होत नाही.

आता तुमचा पहिला आक्षेप, आई देवाच्या जागी. मला तो शंभर टक्के पटतो, आणि मला वाटतं शुभवर्तमानालाही पटतो. मार्क ९:३३ पासून बघा. शिष्य वाटेत भांडत होते, आपल्यात मोठा कोण. घरात आल्यावर येशूनं विचारलं तर गप्प. तेव्हा तो एका मुलाला त्यांच्यामध्ये उभं करतो, मग कवेत घेतो, आणि सांगतो की अशा एका मुलाला जो माझ्या नावानं जवळ करतो तो मला जवळ करतो. नीट बघा कोण कुठं बसलंय. मूल प्रभूच्या जागी आहे! आपण दार उघडणारे. चपलांचा प्रसंग या बाजूनं बघितलात तर तुमच्या दाराशी खोळंबून कोण उभं होतं हे वेगळंच निघेल.

देव स्वतः आईची उपमा घेतो ते यशया ४९:१५ मध्ये. बाई आपल्या अंगावरच्या पोराला विसरेल काय? पण तिथंच पुढे म्हटलंय की ती विसरली तरी मी विसरणार नाही. म्हणजे आपण कधीमधी कमी पडणार हे त्यानं धरूनच चाललंय. मला त्या दुसऱ्या भागानं जेवढा दिलासा दिला तेवढा पहिल्यानं कधी दिला नाही.

मी कसं करते विचारलंत. मी उलटीकडून जाते. प्रसंग घेऊन शास्त्रात वचन शोधायला जात नाही. तसं शोधलं की काहीही सापडतं. मी शास्त्रभाग वाचते आणि सोडून देते. त्यातला एखादा बारीक तपशील डोक्यात राहतो आणि कधीतरी घरातच भेटतो. उदाहरण देते. याईराची मुलगी, बारा वर्षांची, मार्क ५. मेलेली मुलगी उठून चालायला लागते. घरात काय गोंधळ झाला असेल, आईबाप चक्रावलेले! आणि येशू काय सांगतो? एक, हे कुणाला कळू देऊ नका. दोन, हिला काहीतरी खायला द्या. बस. लहानपणापासून हा अध्याय ऐकत आले, पण शेवटचं वाक्य कानावरून जायचं. आमच्या धाकट्याचा ताप फणफणून उतरला आणि तो अंथरुणात उठून बसून म्हणाला "भूक लागली", तेव्हा मी स्वयंपाकघराकडे पळता पळता ते वाक्य ऐकलं. त्या मुलीला भूक लागली असेल हे त्या गोंधळात एकट्या प्रभूच्या लक्षात आलं होतं. मी याचा पुढे काही धडा केला नाही. जेवण गरम केलं.

आणखी एक सांगून थांबते. १ शमुवेल २:१९. हन्ना दर वर्षी शमुवेलासाठी एक छोटा झगा शिवून मंदिरात न्यायची. मूल तिच्याजवळ राहत नव्हतं, एली याजकापाशी होतं. म्हणजे वर्षभरात तो किती वाढला असेल हे तिला अंदाजानं ठरवावं लागत असणार. ज्यांचं पोर वसतिगृहात आहे त्यांनी ही ओवी वाचून बघा. शास्त्रात आयांची अशी कामं भरपूर आहेत, त्यांना कुणी बोधकथेचं रूप दिलेलं नाही, नुसती नोंद आहे.

---

दोन_तासांची_झोप

तुम्ही दोघी खूप छान लिहिता पण मला एवढं लांब वाचताना डुलकी लागली, खरंच 🙂 बाळ तीन महिन्यांचं आहे. एका हातानं टाइप करतेय.

मला धडा नकोच आहे. जो तो शिकवतोय. सासूबाई, डॉक्टर, व्हिडिओ. आता देवानं पण शिकवायला घेतलं तर मी कुठं जाऊ?

१ राजे १९ मात्र मला पाठ झालाय. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून म्हणतो, पुरे झालं परमेश्वरा, आता माझा जीव घे. देवदूत त्याला दटावत नाही. ऊठ, खा, म्हणतो. उशाशी भाकर आणि पाण्याची सुरई. तो खातो आणि परत झोपतो! देवदूत परत उठवतो, परत खायला घालतो, आणि म्हणतो वाट लांबची आहे. "तू इथं काय करतोस" हा प्रश्न देव विचारतो तो होरेब डोंगराला पोचल्यावर, चाळीस दिवसांनी.

तेव्हा माझ्यासाठी निरोप असा की आधी खा आणि झोप. चाळीस दिवस माझे कधीच उलटून गेलेत, पण असो. उठला.

---

तिची_आई

थोडं वेगळं लिहिते, कुणी दुखावलं गेलं तर माफ करा.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे आणि बोलत नाही. आजवर मला सगळ्यात जास्त थकवलं असेल तर ते तिच्यातून धडे काढणाऱ्या माणसांनी. "देवानं तुला निवडलं." "ती तुला धीर शिकवायला आलीय." माझा धीर वाढावा म्हणून एका लेकराची वाचा काढून घेतली, असा देव मला नाही ओळखीचा. आणि हे म्हणणाऱ्यांना वाईट हेतू नसतो हेही कळतं, म्हणून तर उत्तर देता येत नाही.

योहान ९ मध्ये शिष्य आंधळ्या माणसाकडे बोट दाखवून विचारतात, पाप कुणी केलं, यानं की याच्या आईबापांनी? त्यांनाही धडाच हवा होता. येशू दोन्ही नाकारतो, खाली वाकतो, मातीत थुंकून चिखल करतो आणि त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो. पुढे "देवाची कार्यं प्रकट व्हावीत" हेही वाक्य आहे, मला माहीत आहे, लोक मला तेच ऐकवतात. पण ते म्हणून तो थांबला नाही, त्यानं त्या माणसाला हात लावला.

लेकीचे केस धुताना ती पाण्याच्या धारेखाली डोळे मिटून मान मागे टाकते आणि माझं मनगट धरून ठेवते. पाणी बंद केलं की सोडते. मला ते आवडतं. एवढंच सांगायचंय त्याबद्दल.

मूळ प्रश्नाला उत्तर: गटात सांगण्यासारखं नसेल तर सांगू नका. फेरी पुढे जाऊ द्या. "या आठवड्यात काही नाही" हे वाक्य कुणीतरी पहिल्यांदा म्हणायला हवं, बाकीच्या दोघीतिघी सुटकेचा श्वास टाकतील.

---

जुना_बाक

पोरींनो, मी आता आजी आहे. तिकडच्या बाजूनं एक सांगते.

माझी आई मंडळीत साक्ष द्यायला, म्हणजे देवाचे अनुभव सांगायला, उभी राहिली की माझ्या पोटात धस्स व्हायचं. मी चोरून साखर खाल्ली, मी अंथरूण ओलं केलं, मी भावाला ढकललं, सगळं मंडळीपुढे, वर त्याला वचनाची जोड. लोक माझ्याकडे वळून मायेनं हसायचे. मी बाकाखाली चपलेनं जमीन उकरत बसायचे. आई माझी देवभीरू होती, तिच्या प्रार्थनेवर मी आजही उभी आहे, पण ते सांगणं मला कधी आवडलं नाही. चार वर्षांची पोर उद्या चौदाची होते. उवांचं गटात सांगायचं असेल तर आधी पोरीला विचार. नाही म्हणाली तर नाही.

दुसरं, घाई कशाला? लूक २ मध्ये मरीयेचं बघ. तिचा बारा वर्षांचा मुलगा, येशू, हरवतो. एक दिवसाची वाट चालून गेल्यावर कळतं, परत फिरतात, तिसऱ्या दिवशी मंदिरात सापडतो. आई म्हणून तिचं पहिलं वाक्य काय? बाळा, तू आमच्याशी असं का वागलास? अगदी आपल्यासारखंच! आणि त्यानं दिलेलं उत्तर त्यांना समजलं नाही, असं शास्त्र स्पष्ट सांगतं. तिनं ते मनात ठेवलं. त्याच्या जन्माच्या वेळी मेंढपाळ येऊन गेले तेव्हाही तिनं असंच मनात ठेवलं होतं. समजलं नाही तरी ठेवता येतं, हे मला पन्नाशीत कळलं. तुमचा गट दर आठवड्याला उत्तर मागतो, तिच्या हातात कित्येक वर्षं नुसता प्रश्नच होता.

आणि मुलांमधून शिकायचंच असेल तर आधी त्यांच्यापाशी बसावं लागतं. मेथडिस्ट पंथ सुरू करणारे भाऊ जॉन आणि चार्ल्स वेस्ली, त्यांची आई सुझाना (१६६९–१७४२). १९ लेकरं झाली, त्यातली बरीच तान्हेपणीच गेली. उरलेल्यांसाठी तिनं आठवड्याचे वार वाटून दिले होते: त्या संध्याकाळी त्या एका मुलाशी एकट्यानं बोलायचं. जॉनचा गुरुवार असायचा. पुढे तो मोठा विद्वान झाला तरी आईला पत्रात तोच गुरुवारचा थोडासा वेळ मागत होता. तिनं त्या गुरुवारी काय शिकवलं ते त्यानं मागितलं नाही बघ, वेळ मागितला.

---

बाबाही_वाचतो

इथं बाबांनी लिहिलेलं चालतं का? रात्री मुलीला झोपवायचं काम माझ्याकडे आहे, म्हणून धीर करतो.

धडा आपणच काढायचा असं सगळ्यांनी का गृहीत धरलंय? आमच्याकडे लेक काढते. अनुवाद (मोशेचं पाचवं पुस्तक) ६ मध्ये घरी बसताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना मुलांशी बोला असं आहे ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच अध्यायात विसाव्या ओवीत मूल प्रश्न विचारतं आणि बापाला उत्तर द्यावं लागतं, ते कमी वाचलं जातं.

झोपताना आम्ही स्तोत्र १२१ म्हणतो, इस्राएलाचा रक्षक डुलकी घेत नाही, झोपत नाही. परवा अर्ध्यावर थांबवून मला म्हणते, "पण येशू तर होडीत झोपला होता. उशी पण होती." खरंच आहे, मार्क ४:३८, मागच्या बाजूला उशी घेऊन झोपला होता, बाहेर वादळ. मी म्हटलं, तो माणूस झाला होता ना, म्हणून दमायचा. तर म्हणे, "मग होडीतल्या लोकांकडे तेव्हा कोण बघत होतं?" मी म्हटलं पिता. त्यावर तिनं विचार केला आणि म्हणाली, "आणि येशूकडे पण तोच बघत होता?"

मी हो म्हटलं. पाळकसाहेबांना विचारायचं म्हणून ठरवलंय, कारण मला अजून त्या प्रश्नाचा तळ लागलेला नाही. ती दोन मिनिटांत झोपली, हे वेगळं.

---

मधल्या_खोलीतून

सगळ्यांचे आभार. वाचून काढायला मला तीन वेळा उठावं लागलं.

जुना_बाक आजी, तुमचं पटलं. लेकीला विचारलं, तर म्हणाली, सांग, पण मोठी सापडली होती तेही सांग. म्हणजे परवानगी अटींसह मिळाली आहे.

तिची_आई, तुम्ही लिहिलंत त्यावर काय म्हणावं कळत नाही, म्हणून काही म्हणत नाही. पण "या आठवड्यात काही नाही" हे मी पुढच्या खेपेला म्हणणार. उवांचं त्याच्या पुढच्या खेपेला. आधी दार तरी उघडू दे.

बाबाही_वाचतो, चालतं हो, आणि पाळकसाहेब काय म्हणाले ते इथं नक्की टाका.

रविवारची_बाई, एक व्यावहारिक प्रश्न. तुम्ही म्हणता आधी वाचायचं. कधी? पहाटे उठून बघितलं. मी उठले की दहाव्या मिनिटाला ती उठते, तिला कसं कळतं देव जाणे. दुपारी झोपायची ती बंद झालीय. रात्री माझेच डोळे मिटतात. ऐकायचं म्हणून फोनवर शास्त्र लावलं, तर तिला त्यावर गाणं हवं.

---

रविवारची_बाई

पहाटेचं विचारलंत तर प्रभूलाही ते पुरतं जमू दिलं नाही लोकांनी. मार्क १:३५, अजून अंधार असताना उठून एकांतात प्रार्थनेला गेला. पुढच्याच ओवीत शिमोन आणि बाकीचे त्याला शोधत हजर, "सगळे तुम्हाला शोधतायत." सहाव्या अध्यायात तर शिष्यांना जेवायलाही सवड मिळेना म्हणून विसाव्यासाठी होडीनं निघाले, आणि लोक काठाकाठानं धावत त्यांच्या आधी पोचले. गर्दी बघून त्याला कळवळा आला, असं लिहिलंय. मला पहिल्यांदा वाचताना त्याचा रागच आला होता, थोडं तरी चिडायला काय हरकत होती!

तेव्हा निवांत वेळ मिळेल मग वाचू, हे सोडून द्या. रोज एक अध्यायही नको. उघडं पुस्तक अशा जागी ठेवा जिथं तुम्ही तसंही उभ्या असता. मी ओट्याच्या वरच्या फळीवर ठेवते, पानांवर डाग पडलेत, पडू देत. एक प्रसंग वाचायचा, आठदहा ओव्या. दिवसभर तोच. दुसऱ्या दिवशी जमलं नाही तर परत तोच, काही बिघडत नाही. मुलीला गाणं हवं असेल तर गाणं लावा, तुम्ही वाचा.

आणि मार्कपासून सुरुवात करा. सोळाच अध्याय आहेत, प्रसंग छोटे छोटे आहेत, मध्येच कुणी हाक मारली तरी आपण कुठं होतो ते चटकन सापडतं. रोमकरांस पत्र मुलगी शाळेत पूर्ण वेळ जायला लागली की घ्या. तिथं एकेक वाक्य इतकं लांब आहे की शेवटाला पोचेपर्यंत दूध उतू जातं.